बाओ सरांसाठी फ्रिज

बाओ सर उद्या घर बघायला येणार आहेत, असं यूफाननं आईला सांगितलं आणि तिथंच माशी शिंकली.

बाओ सर कॉलेजात त्याचा वर्ग सांभाळायचे. गरजू मुलांना सरकारी मदत मिळते, तिच्यासाठी यूफाननं अर्ज केला होता. पण गरज खरी आहे का, हे सरांनी मुलाच्या घरी जाऊन बघायचं, फोटो काढायचे, मग मंजुरी. मदत मिळाली तर दुसरं वर्ष. नाही मिळाली तर ग्वांगदोंगला जाऊन कारखान्यात मोबाइलच्या काचा चिकटवायच्या.

"आई, घर आहे तसंच राहू दे," तो म्हणाला.

त्याची आई लानश्यांग विकायच्या टोफूच्या वड्या कापत होती. सुरी हातातच राहिली. "कॉलेजचे सर पहिल्यांदा आपल्या दारात येणार, आणि आहे तसं?"

"अगं, आपण गरीब आहोत हेच बघायला येतायत ते."

"ते तू कॉलेजात एकदा सांगितलंस ना? मग परत काय दाखवायचं? लाज झाकायची असते, मांडून ठेवायची नसते."

आमच्या डोंगरातली माणसंच अशी. गरिबीत दिवस काढतील, पण ती पाहुण्याला दिसली तर जेवण जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी तो सरांना आणायला बसथांब्यावर गेला. चढ चढून दोघं घामाघूम होऊन दारात आले, तर यूफानला स्वतःचंच घर ओळखू येईना. भिंतीपाशी शेजारच्या फंग आजोबांचा भलामोठा टीव्ही. कोपऱ्यात समोरच्या छिन वहिनींचा दोन दारांचा फ्रिज. आणि मधोमध खुर्चीत बाबा. बांधकामावरून पडल्यापासून बाबांची पाठ कामातून गेली होती, दोन वर्षं ते अंथरुणातच होते. आज ते भर जुलैत कुणाचा तरी कोट घालून ताठ बसले होते.

"हे रजेवर आलेत," आई म्हणाली.

"वा. किती दिवसांची रजा?" सरांनी विचारलं.

बाबांनी आईकडे बघितलं. "साहेब म्हणाले, बघू," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम जमा झाला होता, आणि तो सगळाच उन्हाळ्याचा नव्हता.

जेवायला धुरावर वाळवलेलं डुकराचं मांस होतं, मिरच्यांत शिजवलेला मासा होता आणि कोंबडीचा रस्सा होता. अंडी देणारी एकच कोंबडी घरात होती. आपल्या वाडग्यातली तंगडी यूफाननं उचलून सरांच्या वाडग्यात ठेवली.

"मासे रोज असतात?" सरांनी सहज विचारलं.

"रोज नको वाटतात हो. एक दिवसाआड करतो," आई म्हणाली.

"सर, खरं म्हणजे..." यूफाननं तोंड उघडलं. टेबलाखाली आईची टाच त्याच्या अंगठ्यावर आली आणि तिथंच राहिली.

"गार पाणी घ्या ना सर, फ्रिजमधलं," असं म्हणत आईनं ऐटीत फ्रिज उघडला. आत पाण्याची एक बाटली होती, बाकी नुसता उजेड. पाहुण्यांसाठी तिनं जाता जाता टीव्हीही लावला. आमच्याकडच्या वायरिंगला एक दिवा आणि एक पंखा एवढाच संसार ठाऊक. फट्ट झालं आणि सगळं बंद पडलं.

"अख्ख्या गावाची लाइट जाते हो या वेळेला," आई म्हणाली. शेजारी फंग आजोबांचा रेडिओ खणखणीत गात होता. सर त्या दिशेला बघत बराच वेळ तंगडी चावत राहिले.

यूफान मागच्या दारानं निसटला आणि समोरच्या घरात शिरला. "वहिनी, पाया पडतो. आत्ता या आणि सरांसमोर तुमचा फ्रिज परत मागा."

"तुझ्या आईच्या तोंडाला काळं फासू?" छिन वहिनींनी त्याला हातातल्या पंख्यानंच हाकललं. "शिकलास ते हेच का? जा, सरांना सुपारी दे."

तो परत आला तेव्हा सर उठले होते. "शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलून येतो. विचारावं लागतं," ते म्हणाले आणि एकटेच बाहेर पडले.

आमच्या घरांच्या भिंती लाकडी. फंग आजोबांचा आवाज नीट ऐकू येत होता. "लानश्यांगकडे? काय कमी आहे तिच्याकडे? आम्हालाच अडीनडीला तिचा आधार." आईची मान समाधानानं हलली. यूफान उंबऱ्यावर बसला. त्याला ग्वांगदोंगच्या कारखान्यातल्या काचा दिसायला लागल्या. आईचा राग आला आणि तिच्या हातावरचे टोफूच्या वाफेचे चट्टे बघून रागावताही येईना.

परतीचा उतार दोघं उतरू लागले. थांबा दिसायला लागला तेव्हा यूफानला राहवेना. "सर, तो फ्रिज..."

"चांगला आहे," सर म्हणाले. "मी फोटो नाही काढला त्याचा. समोरच्या घरात भिंतीला चौकोनी फिकट डाग होता आणि गोठवलेलं मांस बादलीत पोहत होतं, त्याचा काढला. आणि ते आजोबा माझ्याशी बोलत होते ना, रिकाम्या टेबलासमोर हातात रिमोट धरून. बाबांना आता झोपू दे जाऊन. आणि आईला काही बोलू नकोस."

सप्टेंबरात मदत मंजूर झाली. यूफाननं कॉलेजातून घरी फोन लावला आणि सांगितलं.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आई, रडतेस का?"

"छे." आईनं घसा खाकरला. "म्हणजे त्यांना कळलं."

मागून अंथरुणातून बाबा म्हणाले, "मी ताठ बसलो होतो हां."

"मदत दर वर्षी नव्यानं मागायची असते ना?" आईनं विचारलं.

"हो."

"म्हणजे सर परत येणार." ती विचारात पडली. "मग पुढच्या वर्षी सामान पलीकडच्या गावातून आणू."