सर अँब्रोझ थॅकवेल यांस चौथऱ्यावरून उतरविले त्याची हकीकत

भरती-ओहोटीचा कारभार ज्याच्या हुकुमाने बिनचूक चालतो त्या जगन्नियंत्यास मुजरा करून, आणि ज्या थोर बायकांनी मासळी कापता कापता हे बंदर सांभाळिले त्यांच्या सुऱ्यांस व जिभांस दुसरा मुजरा करून, वेस्टरकोट बंदरी जी मोहीम जाहली तिची हकीकत लिहिली जाते. ऐकणाराने खोटे म्हणू नये. अर्धे गाव मासळीबाजाराच्या पायऱ्यांवर बसून पाहत होते, आणि ज्यांस पायरी मिळाली नाही ते बदामाच्या झाडावर होते.

मूळ पीठिका ऐसी की, बाजारासमोर उंच दगडी चौथऱ्यावर सर अँब्रोझ थॅकवेल, उसाच्या मळ्यांचे मालक, गलबतांचे धनी, हे ब्राँझचे होऊन उभे असत. यांची गलबते आफ्रिकेच्या किनाऱ्याहून माणसे भरून आणीत, आणि ती माणसे साहेबांचा ऊस तोडता तोडता मरत, आणि मग पुन्हा गलबते जात. चौथऱ्यावर मात्र 'उदार आश्रयदाता' एवढेच कोरिलेले. मळ्यात दंडक होता की गुलामाने साहेबांसमोर मान वर करू नये. केली तर चाबूक. सबब गुलामी सुटली आणि पुढे साहेबांचा पुतळा उभा राहिला, तेव्हा बंदरच्या बायकांनी रिवाज पाडिला की, दरसाल ऑगस्टच्या पहिल्या तारखेस, जो गुलामी सुटल्याचा दिवस, चर्च सुटल्यावर एका बाईने इस्तरीचा झगा, फुलांची टोपी आणि छत्री ऐशा पुऱ्या सरंजामानिशी चौथऱ्यापुढे यावे, मान वर करावी, आणि साहेबांस खडसवावे. या समारंभाचे नाव खडसावणी. कायदे कडक. घाणेरडा शब्द नाही, कारण पाद्रीबाबा ऐकतात. मागल्या कोणा बाईचा टोला उसना घेणे नाही, कारण पायऱ्यांवरच्या म्हाताऱ्यांस सगळे टोले पाठ. आणि पाळी जन्मात एकदाच. हुकली ती हुकली. बोलून जाहले म्हणजे छत्री पुढल्या सालच्या बाईच्या हाती द्यावी, आणि मग सर्वांनी कुकू, म्हणजे मक्याच्या पिठाचा घोटलेला गोळा, आणि तळलेली मासळी खावी.

या साली पाळी होती मिस ओझेटा गिटन्स यांची. यांचा लौकिक काय वर्णावा! बाजारात 'उडते मासे' म्हणून एक हाक दिली तर होडीतला नाखवा समुद्रात दचके. छत्री वर्षभर त्यांच्या दाराआड टांगलेली, आणि त्या येता-जाता तिजकडे पाहत.

परंतु त्याच साली त्यांची नात, शाळेच्या मास्तरीण कियोना गिटन्स, यांनी तरुण मंडळींची फौज जमवून कौन्सिलच्या दरबारात मसलत मांडिली की, ज्याने आमची माणसे विकली त्यास आम्ही बाजारात का मिरवावे. दरबारचे अध्यक्ष, हवालदिल-ए-आझम फिट्झरॉय ॲलिन, यांनी आधी घाम पुसला, आणि मग वाऱ्याचा रोख पाहिला, आणि मग हुकूम दिला की पुतळा काढून जाळ्यांच्या शेडमध्ये टाकावा. धक्क्याच्या दुरुस्तीस शेजारच्या बेटावरून क्रेन नामे हत्ती आलाच होता, माहूत टोनो. आणि तो हत्ती एकतीस जुलैच्या जहाजाने परत जाणार. म्हणून मुहूर्त तीस तारखेचा धरिला. खडसावणीस दोन दिवस बाकी आहेत हे भर दरबारात कोणाच्या ध्यानी आले नाही. ज्यांच्या आले ते ॲलिनसाहेबांच्या बाजूचे असल्याकारणे गप्प राहिले.

तीस तारखेस सकाळी हत्ती डुलत चौकात आला, तो काय पाहतो, मिस ओझेटा तिवई टाकून चौथऱ्यास पाठ लावून बसलेल्या. डावीकडे कोळशाची शेगडी, उजवीकडे माशांची बादली, डोक्यावर छत्री. मोर्चा ऐसा बांधिला की हत्तीस सोंड घालावयास जागा नाही. तेव्हा कियोनाबाई जातीने पुढे जाहल्या.

"ग्रॅनी, ऊठ. क्रेन आलीय."

"आली तर येऊ दे. तिला म्हणावं बस, मासे तळतेय."

"तू त्या राक्षसाला वाचवतेयस, कळतंय का तुला?"

"मी? ह्याला?" मिस ओझेटा ऐशा हसल्या की शेगडीतली राख उडाली. "अगं, तू दुपट्यात होतीस तेव्हापासून मी ह्याला उतरवा म्हणून कोकलतेय. उतरव ना. पण आधी मी बोलणार. पहिल्या तारखेला. टोपी घालून."

"म्हणजे शिव्या द्यायला मिळाव्यात म्हणून त्याला उभा ठेवायचा? माझी पोरं रोज त्याच्या सावलीतून शाळेत येतात गं. एक तरी पहिली ऑगस्ट त्याच्यावाचून उजाडू दे, एवढंच मागतेय मी."

"आणि मी एवढंच मागतेय की तो असताना उजाडू दे. सरक, ऊन अडवतेस."

दोघींचे म्हणणे वाजवी, आणि दोघी गिटन्सांच्या; सबब सल्ला होईना. टोनो माहूत हत्तीच्या मानेवर बसून उसाचे कांडे चघळीत राहिला. ॲलिनसाहेबांनी खलिता पाठविला की सरकारी कामात अडथळा आणू नये. मिस ओझेटांनी त्याच खलित्यात चार तळलेले मासे गुंडाळून परत पाठविले, आणि साहेबांनी ते खाल्ले.

दुपारी तिसरीच फौज चालून आली. निवृत्त मॅजिस्ट्रेट पर्सिव्हल लोडसाहेब, पुतळा राहावा या पक्षाचे एकले सरदार, यांस वाटले की अखेर एक गडी आपल्यास मिळाला. हातात मॉबीच्या कडू सरबताची थंड सुरई घेऊन ते अदबीने वाकले.

"मिस ओझेटा, तुमच्यासारख्या जाणत्या बाईनं इतिहासाच्या रक्षणाला उभं राहावं, मला भरून आलं. पुतळा गेला तर लोक सगळं विसरतील हो."

"पर्सिव्हल, तुझ्या आजीची पाळी आली होती तेव्हा ती ह्याला काय म्हणाली होती?"

लोडसाहेब आकाशाकडे पाहू लागले.

"'साखरेच्या पोत्यातला किडा, गोडात राहून कडू मेला.' मी लहान होते, मला पाठ आहे. तुझी सख्खी आजी, आणि तू विसरलास! पुतळा तर इथंच होता की रे. मग काय कामाला आला तो तुला? ती सुरई ठेव आणि जा."

लोडसाहेब सुरई ठेवून, टोपी विसरून, माघारी गेले. पाडाव जाहलेली टोपी शेगडीवर वारा घालावयास कामी आली.

कियोनाबाई हे सर्व ऐकत होत्या. त्यांनी मोका साधिला.

"ग्रॅनी, आत्ता काय बोललीस? आठवायला पुतळा लागत नाही. मग ऊठ."

"आठवायला नाही लागत," मिस ओझेटा म्हणाल्या. "बोलायला लागतो."

आणि मग त्यांनी सुरी बादलीत ठेविली आणि सांगितले, आणि सांगताना तो गाजलेला आवाज इतका उतरला की झाडावरची मंडळी खालच्या फांदीवर आली.

"तुझ्या पणजीची पाळी वादळाच्या साली आली. पहाटे छपरं उडाली. तरी ती टोपी बांधून चर्चच्या दारात येऊन उभी, आणि वाऱ्यानं हातातली छत्री नेली. छत्रीवाचून खडसावणी नाही, आणि पुढल्या साली पाळी दुसऱ्या घरात गेली. हुकली ती हुकली. मग जन्मभर मासे कापताना त्या माशांनाच सुनवायची. डोकं उडवायची आणि सुनवायची. जाताना म्हणाली, ओझेटा, माझं पोटात राहिलं गं. आता माझ्या पोटात दोघींचं आहे. हा शेडमध्ये पालथा पडल्यावर काय त्याच्या पाठीला बोलू?"

कियोनाबाई म्हणाल्या, "जरा सर," आणि तिवईच्या अर्ध्या भागावर बसल्या, आणि सुरी घेऊन मासे कापू लागल्या. आणि मग तहाची कलमे ठरली, ती ऐसी की, पहिल्या तारखेस ग्रॅनीने आधी बोलावे, आणि त्याच दिवशी सूर्य मावळण्याआधी साहेब खाली यावे, आणि यात कोणी कसूर करू नये.

अडचण उरली हत्तीची. कियोनाबाई स्वतः वकिली करावयास माहुताकडे गेल्या.

"टोनो, तुझी आई कोणाच्यातली रे?"

"इथल्याच मेबरींच्यातली. का?"

"तिची पाळी कधी झाली?"

टोनोने कांडे चघळणे थांबविले. "नाही झाली. पोटासाठी बेट सोडलं ना तिनं. कधी कधी बोलायची त्याबद्दल." त्याने चौथऱ्याकडे पाहिले, मग हत्तीकडे. "ह्याचा आवाज मला सकाळपासून बरा वाटत नाहीये."

आणि खरोखर, त्या सायंकाळी हत्तीस अकस्मात पोटदुखी जाहली, आणि माहुताने जहाजाच्या कप्तानास अर्ज केला की, दवा पहिल्या तारखेच्या दुपारपर्यंत मिळत नाही. कप्तान पुष्कळ बोलला. जहाज थांबले.

पहिली तारीख उजाडली. चर्च सुटले. मिस ओझेटा झगा, टोपी, हातमोजे ऐशा थाटात निघाल्या, आणि गाव दुतर्फा उभे. वेळ वाचावा म्हणून साहेबांस पट्टे आधीच बांधिले होते. सर्व यथास्थित होते. परंतु ॲलिनसाहेबांनी दोन शब्द बोलावयाची रजा घेतली. ते दोन शब्द त्यांच्या जन्मापासून निघाले, आणि शाळा, पहिली निवडणूक, दुसरी निवडणूक असे मुक्काम करीत चालले, आणि बायकांच्या टोप्या उन्हात कोमेजल्या, आणि धक्क्यावरून जहाजाचा भोंगा वाजला. ॲलिनसाहेब दचकले. दुसरा भोंगा वाजला. तेव्हा ॲलिनसाहेबांची अक्कल पार गळून ते ओरडले, "उचला! उचला!" आणि टोनोचा हात सवयीने हलला, आणि एवढ्या सालांचे ठाणे कर्रकन दगडावरून सुटून अधांतरी गेले. मिस ओझेटा छत्री उघडीतच होत्या.

गावात जो आकांत जाहला तो लिहिता येत नाही. पायऱ्यांवरच्या म्हाताऱ्यांनी कपाळ बडविले. कियोनाबाई हत्तीच्या सोंडेखाली धावल्या आणि दोन्ही हात पसरून किंचाळल्या, "थांब! टोनो, शेडकडे नको! तिच्यासमोर आण! तिच्यासमोर!"

सोंड वळली. साहेब पट्ट्यांत झोके घेत मिस ओझेटांच्या पुढ्यात आले. मिस ओझेटांनी रिवाजाप्रमाणे मान वर केली. आईचे पहिले वाक्य जिभेवर होते: मान वर करून बोलते, अँब्रोझ. तोंड उघडले, आणि मग मिटले.

"टोनो," त्या म्हणाल्या, "खाली घे."

साहेब हातभर खाली आले.

"अजून."

आले.

"अजून खाली. लाजू नकोस."

साहेबांचे बूट फरशीस लागले. आणि मग सर्व बंदराने पाहिले की टाचा आणि टोपी वजा केली तर सर अँब्रोझ मिस ओझेटांच्या हनुवटीस पोहोचत नाहीत. कोणी हसले नाही. मिस ओझेटांची मान आपोआप खाली आली.

"आईचं पहिलं वाक्य बाद झालं गं," त्या नातीस हळूच म्हणाल्या. आणि मग छत्री टेकून, बाजारच्या आवाजात:

"मान खाली करून बोलते, अँब्रोझ, कारण तू तिथं आहेस!"

झाडावरून दोन जण पडले. आणि मग जी खडसावणी चालली तिचे वर्णन शेषासही होणे नाही. आधी आईचे सुनावले. "घोड्यावाचून तुला उंची नव्हती, म्हणून मेल्यावर चौथरा मागितलास! एवढा ऊस पिळलास, तुझ्या तोंडातून एक शब्द गोड निघाला नाही! पेलिकनसुद्धा तुझ्या डोक्यावर बसून दुसरीकडे बघतो!" आणि मग स्वतःचे. "माझ्या पणजीच्या आईला तू रस उकळायच्या कढईच्या भावात घेतलंस. ती कढई गळून गेली. तू सडून गेलास. तिची मी, बघ, नव्या टोपीत आहे!" म्हाताऱ्यांनी एकेक टोला आठवून पाहिला आणि एकही उसना निघाला नाही. तिसरा भोंगा वाजला तो कोणास ऐकू आला नाही. अखेरीस मिस ओझेटांनी हातमोजा काढून पोटावर हात ठेविला, आणि म्हणाल्या, "झालं, आई." आणि टोनोस खूण केली.

साहेबांची रवानगी जाळ्यांच्या शेडमध्ये जाहली. छत्री कियोनाबाईंच्या हाती आली. त्यांनी छत्री पाहिली, रिकामा चौथरा पाहिला.

"ग्रॅनी, पण पुढल्या साली मी कोणाला बोलू? तो तर गेला."

"तू वर चढ," मिस ओझेटा माशाचा काटा काढीत म्हणाल्या. "वरून दिसेलच."

त्या समयी ॲलिनसाहेब पुढल्या रांगेत टाळ्या वाजवीत होते, त्या वाजायच्या थांबल्या. बाजारातला नळ, जो कित्येक सालांपासून कोरडा, त्यास त्याच आठवड्यात ॲलिनसाहेबांच्या हुकुमाने पाणी आले.

येणेप्रमाणे फत्ते. हत्ती दवेवाचून बरा होऊन जहाजावर चढला. लोडसाहेबांस टोपी धुरकट परंतु साबूत परत दिली, आणि त्यांस आजीचा टोला पाठ करविला. सर अँब्रोझ शेडमध्ये उताणे, छपराकडे पाहत आहेत. मिस ओझेटा यांच्या पोटात आता मासळीखेरीज काही नाही. चौथरा जागचा हलविला नाही. त्यास आतल्या बाजूने लाकडी पायऱ्या बसविल्या, आणि वर ठाणे आमचे.