परब बाई आणि तीन नंबरचा जोड

पहिल्या दिवशी परब बाईंनी माझं तोंड पाहिलंच नाही. बदलीचा हुकूम घेऊन मी मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरलो, तर टेबलामागच्या ठेंगण्या बाईंनी आधी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग हुकुमाकडे, आणि म्हणाल्या, "पाय सात नंबरचा आहे तुमचा. आठ घातलेत. पुढे कागद कोंबलाय ना?"

कोंबला होता. सेलमध्ये सात नंबर संपला होता आणि ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हती.

"उद्यापासून चपला घाला. पोरांच्या मागे धावायचंय इथे. बसा आता."

लालबागची ही आमची म्युनिसिपल शाळा. म्हणजे इमारत एक आणि शाळा चार. तळमजल्यावर आम्ही मराठी, पहिल्या मजल्यावर उर्दू, दुसऱ्यावर तेलुगू, तिसऱ्यावर इंग्रजी. सकाळची मुलं बाकांवरून उठतात न उठतात, तोच दुपारची त्याच बाकांवर येऊन बसतात. घंटा मात्र सगळ्यांना मिळून एकच, आणि ती परब बाईंच्या खोलीबाहेर. गिरगावच्या शाळेत दहा वर्षं काढूनही माझी अशी पक्की समजूत होती, की एवढा मोठा कारभार वरून चालतो. वरून परिपत्रक येतं, पुस्तकं येतात, खिचडीचा टेम्पो येतो, दप्तरं, छत्र्या, बूट येतात. आपण खाली सही करायची. परब बाईंच्या हाताखाली पहिला जानेवारी काढला आणि माझी ही समजूत जी गेली ती गेलीच.

जानेवारीत बुटांची यादी करायची असते. बूट मिळणार जूनमध्ये, पण इतक्या शाळांचे, इतक्या मुलांचे, म्हणजे यादी आधीच हवी. मी आजवर काय करायचो? वर्गात विचारायचो, "नंबर किती रे?" पोरं सांगतील तो लिहायचो. बाई व्हरांड्यात बुटक्या स्टुलावर बसल्या, हातात खडू घेतला आणि एकेका मुलाचा पाय फरशीवर आखू लागल्या. आमचीच मुलं नव्हेत, वरच्या तिन्ही शाळांचीसुद्धा. उर्दूचे खान सर तर रांग लावून स्वतः खाली घेऊन यायचे. आठवडाभर व्हरांड्यात पांढऱ्या पावलांची नुसती जत्रा भरली होती आणि झाडूवाल्या मावशींना तिथे यायला सक्त मनाई होती.

बरं, आखलेला नंबर बाई लिहीतच नसत. "हा आजचा पाय झाला, सर. बूट घालायचे जूनमध्ये. पाय काय परिपत्रकाची वाट बघत थांबतो?" मग शाळा सुटताना फाटकाशी उभ्या राहून त्या आईबापांचे पाय बघायच्या. "ह्याचा बाप दहा नंबर. पोराला दोन वाढवून लिहा." "हिची आई बारकी आहे, एकच वाढवा." मी मनातल्या मनात हसत लिहून घेत होतो.

जूनमध्ये खोकी उघडली. बाई खाली मांडी घालून बसल्या. पाय आत, अंगठ्याने टाच दाबून बघायची, "चल, पळ." दुसरा. तिसरा. एकामागून एक पोर ठाकठीक बुटात पाय घालून चालू लागत होतं आणि मी तोंड उघडं टाकून बघत होतो. सहा महिने पुढचे पाय या बाईंनी खडूने आखले होते. खोटं कशाला सांगू, त्या दिवसापासून मी त्यांना थोडा घाबरूनच असतो.

इतर शाळांत चुका व्हायच्या. मग बाई फोन घेऊन बसायच्या. "परळला बाराचे दोन जोड जास्त आहेत ना? एक अँटॉप हिलला हवाय. तुमच्या जोशी बाई तिकडेच राहतात, त्यांच्या डब्याच्या पिशवीतून पाठवा." मी एकदा म्हटलं, "बाई, हे वर कळवायला नको?"

"कळवलंय की. पण तुम्हांला वाटतं हे सगळं वरून खाली चालतं. अहो, निम्मं आडवं चालतं. ह्या शाळेतून त्या शाळेत."

असाच अँटॉप हिलचा फोन आला, त्यांना मुलीचा तीन नंबर हवा होता. कपाटाच्या वरच्या फळीवर एक खोकं मी कधीचं बघत होतो. काळे, मुलीचे, तीनच नंबरचे, पण शाळेचे नव्हेत, बाजारातून आणलेले. मी म्हटलं, "बाई, हा पाठवू?"

"त्याला हात लावायचा नाही!" बाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की बाहेर घंटेशी उभ्या असलेल्या मावशी आत डोकावल्या.

मग जरा वेळाने स्वतःच सांगू लागल्या. सानिका नावाची मुलगी होती, दुसरीत. करी रोडला बाईंच्याच चाळीत राहायची. बाईंनी तिचा नंबर लिहिला अकरा. बूट मिळाल्यावर ती रोज येऊन सांगायची, "बाई, चावतात." बाई म्हणायच्या, "चावत नाहीत गो, नवे आहेत." आठ दिवसांनी तिच्या मोज्यावर रक्त दिसलं. बाईंनी फोन फिरवून परळहून बारा नंबर मागवला. तो पोचेपर्यंत टॉवर बांधायला म्हणून चाळ रिकामी झाली होती. बाई जुन्या भाडेकरू, त्यांना टॉवरमध्ये घर मिळालं. सानिकाचा बाप पोटभाडेकरू, त्याने टेम्पोत सामान टाकलं आणि गेला. कुठे, कोणालाच माहीत नाही.

"दाखला नेला नाही तिने," बाई म्हणाल्या.

आम्हां शाळावाल्यांना हे वाक्य फार लागतं. मूल दुसऱ्या शाळेत गेलं, की ती शाळा आमच्याकडे दाखला मागते. कोणी मागितलाच नाही, तर ते मूल कुठे शिकतंय की घरी धाकटी भावंडं सांभाळत बसलंय, काही कळायला मार्ग नाही. बाईंनी जुने शेजारी गाठले, बंद पडलेले फोन लावले, शाळाबाह्य मुलांच्या यादीत तिचं नाव घातलं. आणि दर जूनला स्वतः बाजारात जाऊन तिच्यासाठी एक नंबर मोठा जोड आणला, जुना कोणाला तरी दिला. बारा, तेरा, आणि बुटांच्या जगात तेरानंतर पुन्हा एक येतो म्हणून एक, दोन, तीन.

"बाई, चार वर्षं झाली," मी मूर्खासारखं म्हणालो.

"म्हणून तर तीन नंबर," त्या म्हणाल्या.

सुट्टीत एकदा सहीसाठी त्यांच्या घरी गेलो होतो. एकोणिसावा मजला, एकट्याच राहतात. चहा देताना म्हणाल्या, "चाळीत दाराबाहेरच्या चपला बघून कळायचं कोण घरात आहे, कोणाकडे पाव्हणे आलेत. इथे सगळ्यांच्या चपला आत. दिवसभरात एक पाय दिसत नाही बघा." मी आणखी एक कप चहा मागितला.

बाईंचा निवृत्तीचा महिना एप्रिल. त्या महिन्यात एका सकाळी मी शाळेचा ईमेल उघडला. वसईच्या पलीकडच्या एका शाळेचा मेल होता. दाखला मिळावा. नाव सानिका, इयत्ता सहावी.

बाईंनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचलं आणि मेलवरचा नंबर फिरवला. फोन स्पीकरवर होता.

"लालबागहून परब बोलते, मुख्याध्यापिका. दाखला आजच देते. पण ती रोज येते ना हो शाळेत?"

"रोज येते. तिसरीपासून इथेच आहे, दाखला मागवायचाच राहून गेला होता," पलीकडचे सर म्हणाले.

बाईंनी टेबलाची कड धरली. "एक काम कराल? तिच्या पायाचा नंबर विचारून सांगता?"

त्या सरांना बहुधा वाटलं असेल, कोणीतरी थट्टा करतंय. पण गेले बिचारे. वरच्या मजल्यावर पाढे चालले होते आणि आम्ही दोघं फोनकडे बघत उभे होतो. मग आवाज आला, "चार."

"चार? नीट विचारलंत?"

"बुटाच्या तळव्यावर बघितलं मॅडम. चार."

बाईंनी फोन ठेवला. "चुकले, सर. तिच्याच बाबतीत दुसऱ्यांदा चुकले," असं म्हणून हसायलाच लागल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "वाढली गो बाय माझी. माझ्या हिशेबापेक्षा जास्त वाढली."

मग त्यांनी कपाटातलं खोकं स्वतः खाली काढलं आणि माझ्या हातात दिलं. "हा अँटॉप हिलला पाठवा. मी जरा बाजारात जाऊन येते."

दुसऱ्या दिवशी दाखल्याचा लिफाफा आणि चार नंबरचा जोड घेऊन मीच वसईला निघालो. खोक्याचं झाकण नीट बसत नव्हतं म्हणून उघडून पाहिलं. आत फळ्यावरच्या त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती. 'चावले तर सांग. ऐकते.'