तटनेरचा वेढा

तटनेर शहराला पडलेला वेढा अजून उठलेला नसल्यामुळे, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात गाव बघायला उतरणाऱ्यांना स्टेशनच्या दारातच विचारतात, की तुम्ही आतले की बाहेरचे.

इंदुमती रेवणकरांनाही विचारलं. विचारणारे जमादार खरमाटे दारात खुर्ची टाकून बसले होते. डोक्याला मुंडासं, पायात रबरी चपला, खांद्यावर सुती दोराचं वेटोळं.

“मी बाहेरगावची,” इंदुमती म्हणाल्या.

“ते दिसतंच आहे. मी वेढ्याच्या दृष्टीनं विचारतोय.”

“मला संध्याकाळच्या गाडीनं पुढं जायचंय.”

“मग बाहेरच्याच व्हा, ताई. आतल्यांना वेढा उठेपर्यंत निघता येत नाही.”

“तो कधी उठतो?”

जमादारांनी प्रामाणिकपणे विचार केला. “तीनशे वर्षांत तरी उठलेला नाही.”

“पण मला बारव बघायचीय.”

“बारव आत आहे,” जमादार म्हणाले, आणि उठून चालू लागले.

इंदुमती तटनेरवरून पूर्वीही बऱ्याचदा गेल्या होत्या. दर वेळी घरची मंडळी गाव बघायला जात, आणि सामानाजवळ कुणीतरी बसायला हवं म्हणून इंदुमती बसत. मंडळी परत आली की तटाबाहेरची भजी किती छान होती ते सांगत. यंदा त्या भावजयीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर भावाकडे राबून निघाल्या होत्या, आणि लेकीकडे वास्तुशांतीच्या साठ पानांचं पुरण घालायला चालल्या होत्या. मधले हे काही तास तेवढे कुणाचेच नव्हते. सामान क्लोकरूममध्ये टाकून, बारवेच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून, कुणी हाक न मारता थोडा वेळ बसायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

वेढा म्हणजे किल्ल्याभोवती फिरवलेला दोर होता. तो सैल पडू नये म्हणून ठिकठिकाणी माणसं धरून बसत. माणसं कमी पडू लागल्यापासून प्रवाशांची मदत घेत. मुख्य दरवाजासमोरच्या कट्ट्यावर इंदुमतींना जागा मिळाली. त्यांनी दोर धरला. समोर दरवाजा बंद होता.

“तुम्ही कधी आत गेला नाहीत?” त्यांनी विचारलं.

“मी बाहेरचा. बायको मात्र आतली. किल्लेदारांची मुलगी.”

“मग लग्न कसं झालं?”

“अंतरपाट म्हणून तटच होता. मंगलाष्टकं झाल्यावर मुलगी टोपलीतून खाली सोडली. टोपली परत पाठवताना आम्ही त्यात नारळ ठेवला.”

पर्समधला फोन वाजला. मेघनाचा होता. “आई, कुठं आहेस? डाळ इथंच घेऊ की तू आणतेस?”

“वेढ्यात आहे,” इंदुमती म्हणाल्या.

“बरं. पण पुरण तूच घालायचंस हं,” मेघना म्हणाली.

दुपारी तटावरून टोपली उतरली. तीत एक पितळी डबा होता, आतून नुकतीच कल्हई केलेला. डब्यात शेंगापोळ्या आणि ठेचा. जमादारांनी सगळ्यांना वाढलं, बोटं चाटली आणि रिकामा डबा इंदुमतींसमोर ठेवला.

“आता तुमची पाळी, ताई. मोर्चावर बाईमाणूस आलं की डबा आम्ही त्यांच्याकडेच देतो. मागं चूल आहे, रवा आहे. शिरा केलात तरी चालेल.”

“मी का करायचा?”

“परत द्यायचाय ना तो! वेढा पडला त्याच वर्षी संक्रांतीला किल्लेदारांनी खाली तिळगूळ पाठवला. शत्रू असला तरी सणाला तोंड गोड करावं लागतं. आता भांडं रिकामं कसं परत द्यायचं? म्हणून आम्ही त्यात गूळ-शेंगदाणे घालून पाठवले. मग त्यांनाही ते रिकामं देववेना. तेव्हापासून डबा भरलेला आहे तोवर वेढा आहे. त्या डब्याभोवती बसायचं, एवढंच आमचं काम.”

“आणि रिकामा दिला तर?”

जमादार लहान मुलाच्या प्रश्नाला हसावं तसे हसले. “रिकामा कोण देईल?”

इंदुमतींनी चुलीकडे बघितलं. मग रव्याकडे. गेल्या महिन्यात त्यांनी किती डबे भरले होते ते त्यांना आठवेना. त्या उठल्या, नळाखाली डबा धुतला, पदरानं कोरडा पुसला, झाकण लावलं, टोपलीत ठेवला आणि टोपलीचा दोर हलवला. टोपली वर गेली.

“एवढ्यात झालं? काय घातलंत?” जमादारांनी कौतुकानं विचारलं.

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“म्हणजे काहीच नाही.”

मग तटावरून किल्लेदारीणबाईंचं डोकं बाहेर आलं.

“जावईबापू! डबा रिकामा आलाय!”

“चुकून झालं असेल, सासूबाई!”

“चुकून नाही,” इंदुमती खालून म्हणाल्या. “मुद्दाम.”

जमादार कट्ट्यावर मटकन बसले. “ताई, काय केलंत हे! आता देणंघेणं मिटलं. देणंघेणं मिटलं की एक तर लढायचं, नाहीतर वेढा उठवायचा.”

“मग लढा.”

“कुणी? लढणारा एकटा सखाराम, तो बाजारात गेलाय.”

“आज लढाई नको हं,” वरून किल्लेदारीणबाई ओरडल्या. “आज माझ्याकडे भिशी आहे. बायका यायच्यात.”

दोन्ही बाजूंनी विचार झाला. दुसरा मार्गच उरला नाही तेव्हा जमादारांनी दोर गुंडाळायला घेतला आणि आतून अडसर सरकल्याचा आवाज आला. बिजागऱ्यांना थोडं गोडेतेल घालावं लागलं. मग तटनेरचा दरवाजा उघडला.

उंबऱ्यावर जमादार आणि त्यांचे सासरे पहिल्यांदाच समोरासमोर आले. दोघांनी एकमेकांना डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं.

“खालून उंच वाटायचात,” जमादार शेवटी म्हणाले.

“तटावर होतो ना,” किल्लेदार म्हणाले.

इंदुमती त्यांच्या मधून आत गेल्या.

बारव गावाच्या मध्यावर होती. काळ्या दगडाच्या पायऱ्या खाली उतरत हिरव्या पाण्यापर्यंत गेल्या होत्या. कोनाड्यांत पारवे घुमत होते. इंदुमतींनी फोन पर्समध्ये टाकला, पर्स वरच्या पायरीवर ठेवली आणि चपला काढून तळाशी जाऊन बसल्या. पाणी गार होतं. एक मासा येऊन अंगठ्याला लागला, आणि हे खायचं नाही असं समजून निघून गेला. वर पर्स वाजत होती, थांबत होती, पुन्हा वाजत होती. खालून ऐकताना कुणीतरी दुसऱ्याच बाईला बोलावतंय असं वाटत होतं.

गाडीची वेळ झाली तेव्हा त्या उठल्या. दरवाजापाशी किल्लेदारीणबाई भिशीच्या गडबडीत होत्या.

“अगंबाई, निघालात? आणि तशाच? रिकाम्या हातानं कशा पाठवू? आमच्या घराण्यात ती रीत नाही.” त्यांनी हाताशी आलेला तोच पितळी डबा ओढला, बेसनाचे लाडू दाबून भरले, झाकण लावलं आणि इंदुमतींच्या हातात ठेवला. “सावकाश या परत.”

उंबऱ्याबाहेर जमादार घरी निघायच्या तयारीत उभे होते. त्यांनी इंदुमतींच्या हातातल्या डब्याकडे बघितलं. मग सासूबाईंकडे. मग एक सुस्कारा टाकून गुंडाळलेला दोर पुन्हा खांद्यावर घेतला.

“भरलेला आहे?”

“काठोकाठ,” इंदुमती म्हणाल्या.

“मग मला यावं लागेल.”

गाडीत इंदुमतींना खिडकीची जागा होती. जमादारांनी बाकाभोवती दोर फिरवला, टोकं खिडकीच्या गजाला बांधली आणि समोर बसले. शेजारचे काका न सांगता उठून पलीकडे गेले. टीसी आला, त्यानं दोर बघितला, “आतल्या का?” असं विचारलं, तिकीट दोरावरूनच घेतलं आणि परत दिलं.

मेघनाचं स्टेशन जवळ आलं तसा फोन वाजला.

“आई, हे प्लॅटफॉर्मवर आलेत. लगेच उतर. डाळ शिजवून ठेवलीय.”

“मला उतरता यायचं नाही. वेढा आहे.”

“अजून?”

“नवीन आहे. ह्यांच्याशी बोल.”

जमादारांनी दोन्ही हातांनी फोन घेतला. “नमस्कार, ताई. हो, मीच. नाही, जेवणाची काळजी नको, त्यांच्याकडे आहे. उठला की लगेच सोडतो. नाही, तारीख सांगता यायची नाही. मागचा जरा लांबला होता.” त्यांनी ऐकून घेतलं आणि फोनवर हात ठेवला. “विचारताहेत, पुरण कुणी घालायचं?”

“तिला म्हणावं, पुरणयंत्र फडताळात वरच्या कप्प्यात आहे.”

जमादारांनी तसं सांगितलं. गाडी थांबली. प्लॅटफॉर्मवर जावई प्रत्येक डब्यात डोकावत पळत होता. खिडकीशी येऊन त्यानं दोर बघितला आणि तो दोन पावलं मागं सरकून अदबीनं उभा राहिला. मग गाडी सुटली.

इंदुमतींनी डब्याचं झाकण काढलं. एक लाडू जमादारांपुढे केला.

“एकच घेतो,” जमादार म्हणाले. “संपले तर पंचाईत व्हायची.”

“नाही संपणार,” इंदुमती म्हणाल्या. त्यांनी स्वतःसाठी अर्धाच तोडला, उरलेला अर्धा परत ठेवला आणि झाकण घट्ट लावलं. “जरा दोर सैल करता का? खिडकी उघडायचीय.”

जमादारांनी दोर थोडा सैल केला.