गजभिये भाऊजींचं गाजरगवत

आमच्या नेहरू नगरात लोक सकाळी फिरायला जातात. मी शिंकायला जाते.

हौस म्हणून नाही हो! शेजारचे गजभिये भाऊजी साडेसहाला फाटक वाजवतात, मला मागच्या नाल्यावर उभं करतात आणि म्हणतात, "घ्या वहिनी, लंबा श्वास." गाजरगवताचा वारा लागला की मला शिंका सुटतात. हे त्यांना कळलं आणि मी कायमची अडकले.

भाऊजी इथल्या स्टील प्लांटच्या गॅस सेफ्टी खात्यातून रिटायर झाले. जन्मभर काम एकच, आधी हवा तपासायची, मग माणूस आत सोडायचा. आता डोक्यावर हेल्मेट, हातात रबरी मोजे, तोंडाला फडकं, असा सगळा थाट करून ते नाल्याकाठचं गवत उपटतात. तेही फूल धरायच्या आत, मुळासकट. काठ साफ झाला की पावसात नाला वरून नवं बी आणून टाकतो. म्हणून हा गृहस्थ सरकत सरकत नाल्याच्या वरच्या अंगाला, जामुल गावाच्या बाजूला दुसऱ्या पुलापर्यंत पोचलाय. कोपरापर्यंत पुरळ उठलंय, पण ऐकेल तर शपथ!

एकदा मी वैतागलेच. म्हटलं, "भाऊजी, कावून मरून राहिले त्या गवतापायी?"

ते काठावर बसले. त्यांच्या मिसेस, सुमनताई, नातवाला सांभाळायला नागपूरला लेकीकडे गेल्या, असं आम्हाला सांगितलेलं.

"नातवासाठी नाही, वहिनी. या गवतानं तिचा दमा उखडते. डॉक्टर बोलले, इथून हलवा. दोन वर्षं झाली. रोज फोनवर विचारते, मी घरी कधी येऊ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर फाटक वाजायच्या आत मीच चपला घालून तयार.

गेल्या आठवड्यात सहा दिवस एकही शिंक नाही. भाऊजी दाढीबिढी करून हिंडू लागले. सुमनताईंनी तिकडे बॅग भरली. आणि सातव्या दिवशी माझं नाक हुळहुळलं. दाबून धरावं, असं फार वाटलं. पण तिकडे त्या बाईच्या श्वासाचा प्रश्न होता. मी शिंकले, चांगली तीनदा.

भाऊजींनी तिथूनच फोन लावला.

"सुमन, बॅग खोलून ठेव. अजून थोडे दिवस. हो, जेवतो मी बरोबर."

मला राहवेना. मी मोज्यांचा दुसरा जोड मागितला. त्यांनी तो पाठीमागे लपवला.

"तुम्ही नका हात लावू, वहिनी. तुमचं नाक बिघडलं, तं मी तिले कोनाच्या भरोशावर बोलावू?"