अकरा नंबरचं पाकीट

राधाबाईंचा लॅपटॉप सुरू केला, की चहा होऊन, पिऊन, कप विसळून होईपर्यंत पडद्यावर नुसतं एक चक्र फिरत राहायचं. ऑनलाइन तासाला तर तो हमखास अडकायचा. "राधाताई, तुमचा आवाज येत नाहीये," एवढं म्हणून सर जे गोठायचे ते तोंड उघडं ठेवूनच. पस्तीस वर्षं नर्सची नोकरी करून, दोन मुलांची शिक्षणं आणि लग्नं उरकून, बासष्टाव्या वर्षी बाई पाली विषय घेऊन एम. ए. करत होत्या. लेखी पेपर चांगले गेले होते. उरली होती ती तोंडी परीक्षा, आणि ती शनिवारी दुपारी तीन वाजता ह्याच लॅपटॉपवर व्हायची होती.

तात्यारावांना बायकोचं मनापासून कौतुक होतं, फक्त ते तोंडानं करायची सवय नव्हती. म्हणून त्यांनी ठरवलं, की परीक्षेआधी हिच्या लॅपटॉपची मेमरी वाढवून द्यायची, आणि तीही स्वतःच्या हातानं. शुक्रवारी ते स्वारगेटजवळच्या नियाजच्या दुकानात गेले. नियाजनं बोटभर लांबीची हिरवी पट्टी काउंटरवर ठेवली.

"लॅपटॉप घेऊन या. दहा मिनिटांत बसवून देतो."

"नको. मी घरीच बसवणार आहे."

नियाजनं चष्म्यावरून पाहिलं. "आधी कधी उघडलाय?"

"चौतीस वर्षं सरकारी अभिलेख कक्ष सांभाळलाय मी. एक कागद इकडचा तिकडे झाला नाही."

"कागदाला स्क्रू नसतात, तात्या," नियाज म्हणाला. "बरं, फोन नंबर पिशवीवर छापलेला आहे."

शनिवारी सकाळी राधाबाई उजळणीसाठी आम्रपालीकडे निघाल्या. आम्रपाली त्यांच्याच वर्गातली, तिचीही तोंडी तीनलाच, दोन गल्ल्या सोडून बिबवेवाडीतच राहणारी.

"मी येईपर्यंत होईल ना? नाहीतर राहू द्या. हळू चालतो, पण चालतो तरी."

"बारा वाजता तयार असेल. लिहून देतो हवं तर."

"लिहून नको. लॅपटॉपच द्या," असं म्हणून राधाबाई गेल्या.

तात्यारावांनी मोबाइलवर एका मुलीचा व्हिडिओ लावला. मुलगी फार भरभर बोलत होती, पण दोन सूचना तिनं बजावून सांगितल्या. पहिली, प्रत्येक स्क्रू वेगळा ठेवा. हे ऐकून तात्यारावांना ती मुलगी एकदम आवडली. त्यांनी कपाटातून आहेराच्या पाकिटांचा गठ्ठा काढला. सोनेरी नक्षीची, वर रुपया चिकटवलेली ती पाकिटं. एकेक स्क्रू निघेल तसा ते एकेका पाकिटात घालत गेले आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं नोंद करत गेले. खालच्या झाकणाचे दहा स्क्रू, दहा पाकिटं. आत पाहिलं तर मेमरीची खाच डिस्कच्या पट्टीखाली. म्हणून डिस्कही काढावी लागली. ती एकाच स्क्रूवर उभी होती, तांदळाच्या कणीएवढ्या. "क्र. ११. डिस्कचा स्क्रू, बारीक, नग एक," अशी नोंद करून त्यांनी पाकीट गठ्ठ्यावर ठेवलं आणि समाधानानं त्याच्याकडे पाहिलं.

दुसरी सूचना अशी, की अंगातली वीज जमिनीत सोडल्याशिवाय मेमरीला हात लावू नका, नाहीतर ती जळेल. त्यासाठी मनगटाला बांधायचा पट्टा मिळतो म्हणे. तात्यारावांकडे पट्टा नव्हता, पण जुन्या रेडिओची एरियलची तार होती. तिचं एक टोक त्यांनी खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं डाव्या मनगटाला, आणि दोन्हीकडे अभिलेख कक्षातली पक्की गाठ मारली. ह्या गाठीनं बांधलेलं कागदांचं बासन सुटायला दोन शिपाई लागत असत. मग ते बनियनवर, फतकल मारून, खिडकीखाली कामाला बसले.

तेवढ्यात बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या जयाताई दह्याची वाटी घेऊन उभ्या होत्या.

"तात्या, वहिनींना परीक्षेला दही आणलंय. दार उघडता?"

"उघडता येत नाही!" तात्याराव आतून ओरडले. "बांधलेला आहे मी!"

जयाताईंनी जाळीच्या दारातून डोकावलं. तात्याराव जमिनीवर, घामाघूम, हात खिडकीच्या गजाला तारेनं जखडलेला, आणि भोवती सामान विस्कटलेलं.

"अगबाई! घाबरू नका तात्या, मी सगळ्यांना बोलावते!"

"अहो, घाबरू कशाला? मीच—"

पण जयाताई गेल्या होत्या. बिल्डिंगच्या ग्रुपवर संदेश गेला: "तात्यांना घरात बांधून ठेवलंय. ताबडतोब या." चार मिनिटांत तेरा माणसं जमली. एरवी पाण्याच्या टाकीच्या मीटिंगला पाच येत नाहीत. राधाबाईंची जादा किल्ली जयाताईंकडे होतीच, तिनं दार उघडून सगळे आत घुसले. सर्वांत पुढे एक क्रिकेटची बॅट होती.

"कुठे गेले ते?"

"कोण कुठे गेले?"

"चोर!"

"कसले चोर? अर्थिंग आहे हे!"

बॅट खाली आली. तेरा चेहऱ्यांवर निराशा पसरली. पण एवढे जिने चढून आलेला माणूस सल्ला दिल्याशिवाय परत कसा जाणार? एकानं सांगितलं, मेमरी आधी उन्हात ठेवा. दुसऱ्यानं सांगितलं, आता नवा घेण्यातच शहाणपणा आहे. जयाताईंनी दही फ्रिजमध्ये ठेवलं आणि फ्रिज आतून पुसायला झालाय असं सांगितलं. वरच्या मजल्यावरचा केदार रेशमी कुडता घालून आला होता. त्याला वारज्याला मित्राच्या मुलीच्या बारशाला जायचं होतं.

"काका, एक पाकीट घेऊ का? आणायचंच राहिलं."

तात्याराव त्या वेळी पट्टीची खाच कुठल्या बाजूला येते, हे पाच जणांना समजावून देत होते. "घे रे, घरचीच आहेत," त्यांनी वर न पाहता सांगितलं. केदारनं सगळ्यात वरचं पाकीट उचललं, त्यात नोटा सरकवल्या, डिंकाची कड जिभेला लावली आणि तो गेला.

साडेबाराला घर रिकामं झालं. तात्यारावांनी मेमरी बसवली, ती टक् करून बसली आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आता डिस्क, मग झाकण, की काम फत्ते. त्यांनी गठ्ठ्यावरचं पाकीट उचललं. त्यावर दहा आकडा होता. त्यांनी गठ्ठा मोजला. उलटा मोजला. चटई उचलून झटकली. मग त्यांच्या डोळ्यांसमोर एक रेशमी कुडता आला आणि त्यांनी फोन लावला.

"केदार, ते पाकीट कुठाय?"

"दिलं की काका. बाळाच्या आईच्या हातात." मागून पाळण्याची गाणी ऐकू येत होती.

"त्यात स्क्रू आहे."

"काका, मी आता बारशात दिलेला आहेर परत मागू?"

"मागू नकोस. नुसतं दाबून बघ, आत काही कडक लागतंय का?"

"लागणारच. वर रुपया आहे."

तात्यारावांनी फोन ठेवला. त्यांनी बाकीचे दहाही स्क्रू त्या भोकात घालून पाहिले, पण सगळे जाड. जुनी मेमरी परत बसवून उपयोग नव्हता, कारण डिस्कला लागणारा स्क्रू तोच होता. स्क्रूवाचून डिस्कची पट्टी एका बाजूनं वर उचलली जायची, की लॅपटॉप ठप्प. बिल्डिंगमध्ये लॅपटॉप सात होते, पण सातही ऑफिसांनी दिलेले, त्यांतला एकही परीक्षेचं पान उघडू देईना. मोबाइलवरून परीक्षा चालणार नाही, असं विद्यापीठाच्या पत्रात ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. नियाजला फोन करणं तात्यारावांच्या जिवावर आलं, आणि ते लॅपटॉपसमोर बसून राहिले. दोन वर्षं ही बाई पहाटे उठून पाठांतर करत होती आणि आपण एका सकाळीत त्यावर पाणी फिरवलं, ह्या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन वाजता राधाबाई आल्या. त्यांनी उघडा लॅपटॉप पाहिला, लग्नघरासारखी मांडलेली पाकिटं पाहिली, नवऱ्याच्या मनगटावरची तार पाहिली. गजाकडची बाजू कात्रीनं कापली होती, पण मनगटाची गाठ काही सुटली नव्हती.

"काय राहिलंय?" त्यांनी विचारलं.

तात्यारावांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. राधाबाईंनी ऐकून घेतलं, आत जाऊन चहा टाकला आणि म्हणाल्या, "नियाजभाईंना फोन लावा."

"स्क्रू आहे," नियाज म्हणाला. "पण आता जेवायला घरी आलोय. चारला दुकान उघडतो, घेऊन जा."

"तीनला परीक्षा आहे हो! चारपर्यंत काय करू?"

"मग परीक्षा होईस्तोवर बोटानं दाबून धरा. आणि तात्या, त्या पट्टीवर जोर नको, नाजूक असते."

राधाबाईंनी तोपर्यंत औषधांच्या डब्यातून पांढरी चिकटपट्टी काढली होती. "सलाइनची सुई हलू नये म्हणून हीच मारायचो आम्ही. ही लावते."

"चिकटपट्टीवर एम. ए. सोडायचं?" तात्याराव म्हणाले. "लाव तुझ्या समाधानाला. पण मी बोट काढणार नाही."

चिकटपट्टी लावून झाल्यावर, दोन स्टुलं जवळजवळ ठेवून, मधल्या फटीवर लॅपटॉप खालच्या झाकणाशिवाय तसाच बसवला. राधाबाई समोर खुर्चीत. तात्याराव खाली जमिनीवर, उजव्या हाताचं बोट फटीतून वर घालून. बटण दाबलं आणि पडदा दहा सेकंदांत उजळला. राधाबाई बघतच राहिल्या. "अहो, केवढा पळतोय!" त्या खाली वाकून म्हणाल्या. तात्यारावांना खाली बसल्या बसल्या भरून आलं.

परीक्षा रंगात आली. परीक्षक सर वयस्कर, मृदू बोलणारे होते. राधाबाई न अडखळता उत्तरं देत होत्या. अर्धा तास झाला, तात्यारावांच्या खांद्याला कळ लागली, पण बोट हललं नाही.

"छान," सर म्हणाले. "आता दहा पारमिता सांगा."

बौद्ध धर्मातल्या ह्या दहा सद्गुणांची यादी राधाबाईंना पाठ होती. त्यांनी धडाधड नऊ सांगितल्या. दहावी काही केल्या आठवेना. त्यांनी बोटांवर पुन्हा मोजलं. खाली तात्यारावांचा जीव वरखाली होऊ लागला. दोन वर्षं पहाटे अंथरुणात पडून त्यांनी ही यादी ऐकली होती.

"क्षांती!" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

सरांनी चष्मा काढला. "राधाताई, खोलीत आणखी कोणी आहे?"

राधाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. कॉपी म्हणून परीक्षा रद्द झाली असती, तरी बोलायला जागा नव्हती. पण त्यांना खोटं बोलता येत नसे.

"आहेत, सर. माझे मिस्टर. लॅपटॉपखाली बसलेत."

"खाली? का?"

"तो धरून ठेवलाय त्यांनी. सोडला तर बंद पडतो."

"मला दिसू देत जरा."

पडद्याच्या खालच्या कडेनं एक हात वर आला. मनगटावर तार आवळलेली होती. हातानं नम्रपणे नमस्कारासारखं काहीतरी केलं, पण ते एका हातानं नीट जमलं नाही.

"त्यांना बांधून ठेवलंय का?" सरांनी घाबरून विचारलं.

"नाही सर. त्यांनी स्वतःच बांधून घेतलंय."

सरांनी चष्मा परत लावला. "हे बघा, ते उत्तर मी धरणार नाही. पण आता क्षांती म्हणजे काय, ते तुम्ही सांगा. आणि उदाहरण ग्रंथातलं नको, व्यवहारातलं द्या. खालच्यांनी बोलायचं नाही."

राधाबाईंनी श्वास घेतला. "क्षांती म्हणजे नुसतं सहन करणं नव्हे, सर. नाइलाज असला की सगळेच सहन करतात. समोरच्याकडून चूक झाली, आपलं नुकसान झालं, तरी मनात कडवटपणा येऊ न देणं, ही क्षांती."

"उदाहरण?"

"आजचंच देते. परीक्षेला एक तास असताना मी घरी आले. माझ्या लॅपटॉपचा स्क्रू आहेराच्या पाकिटातून वारज्याला बारशाला गेला होता. मी चहा टाकला."

सरांचा कॅमेरा बंद झाला. मिनिटभर नुसता खोकल्याचा आवाज येत राहिला. कॅमेरा परत लागला तेव्हा सर डोळे पुसत होते.

"निकाल रीतसर येईल, राधाताई. पण पारमितांवर इतके गुण मी आजवर कोणाला दिलेले नाहीत. आता त्यांना बाहेर काढा."

पडद्यावरचे सर गेले. राधाबाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले आणि मग त्या हसत सुटल्या. तात्याराव गुडघे धरत बाहेर आले. त्यांचं बोट वाकडंच राहिलं होतं.

"बसा इथं," राधाबाई म्हणाल्या. मलमाची ट्यूब आणून त्यांनी ते बोट हातात घेतलं आणि हलकेच चोळू लागल्या. "दोन वर्षांचं चीज झालं हो. तुम्ही एवढा वेळ धरून बसलात."

तात्याराव सुखावून भिंतीला टेकले. त्यांनी सहज लॅपटॉपकडे पाहिलं. बोट काढून पाच मिनिटं झाली होती. पडदा लखलखीत चालू होता, आणि स्टुलांच्या फटीतून दिसणारी पांढरी चिकटपट्टी केसभरही हलली नव्हती.

त्यांनी डावा हात हळूच पुढे केला आणि लॅपटॉप मिटला.

"फार दुखतंय?" राधाबाईंनी विचारलं.

"फार," तात्याराव म्हणाले. "जोरच तेवढा लावावा लागला."

राधाबाईंनी एकदा स्टुलांच्या फटीकडे पाहिलं, आणि तात्यारावांच्या बोटाला आणखी थोडं मलम लावलं.