गच्चीवरची पाच पातेली

पेपरातला आरोग्याचा कॉलम वाचून त्र्यंबकराव अर्धा चहा तसाच टाकून उठले. डोंबिवलीतल्या त्या तीनमजली सोसायटीचे ते बारा वर्षं सेक्रेटरी होते, आणि टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायचं काम त्यांनी वॉचमनवरही कधी सोपवलं नव्हतं. आता पेपर म्हणत होता, पाण्यातल्या पालापाचोळ्याशी क्लोरीनची गाठ पडली की भलतीच द्रव्यं तयार होतात, आणि ती वर्षानुवर्षं पोटात गेली तर कॅन्सरचासुद्धा धोका.

त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी सोसायटीची निवडणूक होती. पहिल्या मजल्यावरचे गोपीनाथ यंदा प्रथमच उभे होते. त्र्यंबकरावांनी ठरवलं, सभेला निर्दोष पाणी पाजायचं आणि निवडून यायचं. पाणी उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी कपाळाला हात लावला, पण घरातली पाच पातेली गच्चीवर उन्हात गेलीच.

दुपारी पाहतात तर प्रत्येक पातेल्यात कडुलिंबाचा पाला तरंगतोय. म्हणजे क्लोरीन आणि पाला, अगदी पेपरात छापल्याबरहुकूम. शेजारी शेवंतीबाई उभ्या होत्या. बिल्डिंग त्यांच्याच जुन्या शेतावर बांधलेली, त्यामुळे त्यांना कोणी कुठं हटकत नसे.

“उन्हान पानी बगितला, मना वाटला शालूला कांजिन्या आल्यान,” त्या मायेनं म्हणाल्या. “म्हनून तिच्या आंगोलीच्या पान्यान पाला टाकला.”

शालू ही त्र्यंबकरावांची मुलगी. बारावीच्या अभ्यासापायी ती चार दिवस कुणाला दिसलीच नव्हती.

“आणखी कुणाला बोललात?” त्र्यंबकरावांनी घाबरत विचारलं. शेवंतीबाई बोटांवर मोजायला लागल्या आणि दोन्ही हात संपल्यावर थांबल्या.

सहा वाजता सतरंजीवर चिटपाखरू नाही. सभा परस्पर गोपीनाथांच्या घरी हलली होती. त्र्यंबकराव तरातरा खाली उतरले, गोपीनाथांच्या दारात उभे राहिले आणि आपण ठणठणीत आहोत हे दाखवायला त्यांनी सदरा वर केला. मार्चच्या उकाड्यानं पोटभर घामोळं उठलेलं त्यांच्या लक्षातच नव्हतं. अख्खी सभा खिडकीकडे सरकली.

गोपीनाथ एकमतानं निवडून आले. साथ पसरू नये म्हणून टाकीत दुप्पट पावडर टाकायची, हा त्यांचा पहिला ठराव. बारा वर्षांचं पद घामोळ्यानं घालवलं, याचं त्र्यंबकरावांना फार वाईट वाटलं.

ते घरी आले तेव्हा रमाबाईंनी पाचही पातेली न्हाणीघरात नेऊन बादलीत ओतली होती.

“जा, आंघोळ करून घ्या. घामोळ्याला कडुलिंब चांगला,” त्या म्हणाल्या. “आणि मला पातेली हवी होती.”

त्र्यंबकरावांनी पंचा घेतला.