रॉकेटांचं शुद्धिपत्र

ही हकिगत कोणालाही खरी वाटणार नाही. सांगणाऱ्याला ते ठाऊक आहे, आणि त्याला त्याचं काडीचंही दुःख नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी छापखान्यात जाऊन ट्रेडल मशीनला विचारावं. मशीन निदान खोटं तरी बोलत नाही. तिच्या मालकाबद्दल मात्र अशी खात्री देता येत नाही.

मालक म्हणजे आप्पा. चाळीस वर्षं ते पायानं ट्रेडल चालवत आले होते आणि तेवढीच वर्षं तोंडही चालवत आले होते. पण अलीकडे पत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं, सगळं लोक घरबसल्या करू लागले. दुकानाच्या मधोमध बसलेली ती काळी, तेलकट, गुरगुरणारी मशीन मुलाच्या डोळ्यांत खुपू लागली. त्याला त्या जागी रंगीत प्रिंटर ठेवायचा होता.

"बाबा, ही काढू या आता. भंगारवाला उचलून न्यायला तयार आहे."

"उचलून न्यायला मी पण तयार आहे, तुला," आप्पा म्हणाले. "अरे, हिच्यावर छापलेलं अक्षर बोटाला लागतं! तुझ्या प्रिंटरचं अक्षर नुसतं कागदावर झोपलेलं असतं."

शेवटी तोड निघाली. येत्या वर्षी जगभरातून रॉकेटं उडणार होती, ती म्हणजे अक्षरशः रांगेनं. कोणाचा उपग्रह, कोणाची चंद्रावरची गाडी, कोणाची मंगळाकडे नजर. मुलानं इंटरनेटवरून सगळ्या तारखा काढून दिल्या आणि आप्पांनी कॅलेंडर छापलं. बारा पानं, आणि ज्या तारखेला उड्डाण त्या चौकटीत एक छोटंसं लाल रॉकेट. कॅलेंडर हातोहात खपलं. तिथं थांबले असते तर ते आप्पा कसले! प्रत्येक पानाच्या तळाशी त्यांनी शिशाच्या ठसठशीत अक्षर-खिळ्यांत छापलं होतं, 'तारखेची हमी. चुकल्यास कॅलेंडर परत घेऊ.'

मुलानं ते वाचलं आणि तो गालातल्या गालात हसला. "ठरलं तर मग. वर्षअखेरपर्यंत एकही कॅलेंडर परत आलं नाही, तर मशीन राहील. एक जरी आलं, तर भंगारात."

"एक सोड, अर्धंसुद्धा येणार नाही," आप्पा म्हणाले आणि त्यांनी टाळी दिली.

टाळीचा आवाज विरायच्या आत, म्हणजे नऊ जानेवारीला, पहिलं रॉकेट अडलं. तिकडे वारा सुटला होता म्हणे. दहा तारखेला सकाळी दुकानाच्या दारात गणिताच्या बाई उभ्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण हातातली गुंडाळी त्या अजून छडीसारखीच धरत.

"आप्पा, काल उडालं नाही."

"बाई, वारा होता."

"वारा होता हे कॅलेंडरवर कुठं लिहिलंय?"

मुलानं काउंटरमागून मान वर केली. त्याची नजर बाईंवरून मशीनवर आणि मशीनवरून फोनवर गेली. मग आप्पांची चाळीस वर्षांची सवय कामी आली. पुस्तकात चूक राहिली की छापणारा काय करतो? शुद्धिपत्र देतो. छापलेलं खोटं ठरलं, तर दोष छापणाऱ्याचा. मग वारा कुठल्या का देशात सुटेना!

"बाई, बसा. दहा मिनिटं."

त्यांनी खिळे जुळवले, शाई फिरवली आणि दोन पट्ट्या छापल्या. एकीवर 'पुढे ढकलले', ती जुन्या तारखेवर चिकटवायची. दुसरीवर लाल रॉकेट, ते नव्या तारखेच्या चौकटीत. बाईंनी पट्टी उजेडात धरून तपासली, मागं वळवून पाहिली, आणि कॅलेंडर घेऊन घरी गेल्या. आप्पांनी मुलाकडे असं पाहिलं, की जणू रॉकेट त्यांनीच उडवलंय.

पण एका घरी शुद्धिपत्र गेलं म्हणजे सगळ्या घरी जायला हवं. छापखान्याचा धर्मच तो. आप्पांनी पिशवी घेतली आणि घरोघर पट्ट्या वाटल्या. आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की रॉकेट हा प्राणी ठरल्या वेळी निघणाऱ्यातला नव्हेच. कधी ढग आले, कधी नळी गळाली, कधी उड्डाणाच्या रेषेखाली समुद्रात कोणाची तरी होडी मासे पकडत बसली. फेब्रुवारीत सात उड्डाणं ढकलली गेली, मार्चमध्ये अकरा. 'पुढे ढकलले' हे खिळे आप्पांनी मशीनवरून काढणंच सोडून दिलं.

पट्ट्या चिकटवायला खळ लागे. ती आप्पांची बायको घरी शिजवी.

"लग्न करून आले तेव्हा वाटलं होतं, हा माणूस कधी तरी मला जग दाखवेल," पातेलं आपटत ती म्हणाली. "आता जग वर चाललंय आणि मी खाली खळ ढवळतेय."

"अगं, प्रत्येक रॉकेटात तुझ्या खळीचा वाटा आहे."

"मग एखाद्यात तुम्हालाच चिकटवा आणि पाठवून द्या."

एक चंद्राची मोहीम तर एकटीच नऊ वेळा ढकलली गेली. पट्टीवर पट्टी, तिच्यावर पट्टी. ज्या चौकटीत ती घुटमळत होती तिथं भिंतीला आवाळू आल्यासारखं दिसू लागलं. आणि मे महिन्यात व्हायचं ते झालं. केस कापणाऱ्या दादांच्या दुकानातलं कॅलेंडर वजनानं खिळ्यासकट निखळलं आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर आलं. दादांचा हात घसरला. गिऱ्हाईक पोस्टातले मोठे साहेब होते, आणि त्यांची मिशी अर्धी गेली.

दादा कॅलेंडर बगलेत मारून आले. मागोमाग साहेब, तोंडावर रुमाल धरून.

"आप्पा, हे तुमचं अवकाशयान घ्या परत!"

मुलगा फोनमध्ये भंगारवाल्याचा नंबर शोधू लागला. आप्पा मात्र साहेबांकडे पाहत होते.

"साहेब, रुमाल काढा पाहू. अरेरे. तारीख चुकली तर शुद्धिपत्र देतो मी, मिशी चुकली म्हणून मागं हटेन काय?" आणि त्यांनी एक 'पुढे ढकलले' साहेबांच्या ओठावर, रिकाम्या बाजूला, अलगद चिकटवलं.

साहेबांनी दादांच्या खिशातल्या आरशात पाहिलं. त्यांचे खांदे हलू लागले, आणि मग ते असे हसले की पट्टी उडून दादांच्या कपाळावर बसली. "दादा, उरलेली पण काढून टाका," ते म्हणाले. "आणि आप्पा, असल्या पन्नास पट्ट्या द्या मला. ऑफिसात उपयोगी पडतील."

कॅलेंडर परत गेलं, पण ते भिंतीवर. आप्पांनी स्वतः जाऊन भलामोठा हूक ठोकला.

पन्नास पट्ट्यांनी पोस्टात काय केलं ते त्या पोस्टालाच माहीत. मात्र आठवड्याभरात लोक नुसत्या पट्ट्या मागायला येऊ लागले. दातांच्या डॉक्टरांकडे जायची तारीख, वजन कमी करायला सुरुवात करायची तारीख, मोठ्या नणंदबाई राहायला येणार ती तारीख. ज्याला जे नको त्याच्यावर तो 'पुढे ढकलले' चिकटवी आणि हलका होई. मशीन दिवसभर खडखडत होती. मुलाचा प्रिंटरचा विषय आपोआपच, काय सांगावं, पुढे ढकलला गेला.

सप्टेंबरात मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं. बेकरीवाल्यांच्या मुलीचं लग्न वीस तारखेला होतं. त्यांनी घरच्या कॅलेंडरवर त्या चौकटीत पेनानं 'लग्न' असं लिहून ठेवलं होतं. नेमकं त्याच दिवशी एक हवामानाचा उपग्रह उडायचा होता, आणि तो दहा दिवस आधीच अडला. आप्पा पट्टी देऊन गेले, बेकरीवाल्यांच्या बायकोनं ती नेमानं रॉकेटावर चिकटवली. 'लग्न' तेवढं वर उघडं राहिलं, म्हणजे चौकटीत सरळ 'लग्न पुढे ढकलले' असं वाचता येई. संध्याकाळी होणारे व्याही सहज चहाला आले, भिंतीकडे पाहिलं, चहा अर्धा ठेवला आणि तडक उठले. एवढी मोठी गोष्ट आपल्याला भिंतीवरून कळावी, याचा त्यांना राग आला होता. जाता जाता त्यांनी लग्नासाठी ठरवलेला हॉलही सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाले आले ते हाताला पीठ तसंच घेऊन.

"आप्पा! माझ्या पोरीचं लग्न मोडायला निघालात? तुमचे ते उपग्रह आकाशात भटकू देत, माझं घर कशाला मध्ये आणता? घ्या हे परत!"

त्यांनी कॅलेंडर काउंटरवर आपटलं. पिठाचा ढग उठला. मुलानं हात पुढे केला, कॅलेंडराला बोटं लागणार एवढ्यात बेकरीवाल्यांची मुलगी धावत आत आली आणि तिनं ते झडप घालून उचललं.

"बाबा, थांबा ना! माझी नर्सिंगची शेवटची परीक्षा बावीसला आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाला बोलू? तुम्ही केक ठरवत होता, आई साड्या ठरवत होती. नवरदेवांनाही कामावर सुट्टी मिळत नव्हती. ते तिकडे गप्प, मी इकडे गप्प." ती आप्पांकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर हसू. "आप्पा, काल भिंतीवरची ती पट्टी पाहिली आणि महिनाभरात पहिल्यांदा झोप लागली मला."

बेकरीवाल्यांनी हाताचं पीठ झाडलं आणि ते म्हणाले, "नोव्हेंबर कसा आहे तुमचा? त्यात रॉकेटं कमी आहेत का?"

लग्न नोव्हेंबरात झालं, नर्सबाई पास होऊन बोहल्यावर चढली. व्याह्यांची समजूत आप्पांनी स्वतः जाऊन काढली आणि येताना त्यांनाही एक कॅलेंडर देऊन आले.

असं करता करता वर्ष संपत आलं. एकही कॅलेंडर परत आलं नव्हतं. उरलं होतं एकच उड्डाण, एकतीस डिसेंबरचं, वर्षातलं सगळ्यात मोठं. चार माणसं बसून चंद्राला वळसा घालून येणार होती. आप्पा आठ दिवस आधीपासून आभाळाकडे बघून हवा कशी आहे ते पाहत होते, जणू रॉकेट गच्चीवरूनच सुटणार होतं.

एकतीसला सकाळी रेडिओनं सांगितलं. झडप गळतेय. उड्डाण सहा जानेवारीला.

आप्पा सवयीनं उठले, पट्टी छापली. 'पुढे ढकलले' झालं. मग लाल रॉकेट छापलं आणि ते चिमटीत धरून कॅलेंडरासमोर उभे राहिले. सहा जानेवारी. ते पान उलटू लागले आणि मागं भिंत लागली. जानेवारी नव्हताच. बारा पानं संपली होती. वर्षभर त्यांनी वारा, ढग, होडी, सगळ्यांवर पट्टी चिकटवली होती. आता पट्टी हातात होती आणि चिकटवायला जागाच नव्हती.

"बाबा," मुलगा हळूच म्हणाला, "बाहेर बघा."

बाहेर रांग होती. अख्खी गल्ली, आणि प्रत्येकाच्या बगलेत गुंडाळी. पुढे गणिताच्या बाई, मागं दादा, पोस्टातले साहेब पूर्ण मिशीसकट, बेकरीवाले, फोन दुरुस्त करणारा तात्या. आणि रांगेच्या बाजूला, वर्षअखेर म्हणून आलेला भंगारवाला हातगाडी लावून उभा.

आप्पांनी मशीनवर हात ठेवला. ती गार होती.

"आप्पा," बाई म्हणाल्या, "सहा जानेवारी कुठं चिकटवायचं?"

आप्पांनी हातातलं लाल रॉकेट पाठीमागं लपवलं. मुलगाच पुढे झाला. "बाई, तुम्ही परत करायला आलात ना? द्या."

"परत?" बाईंनी गुंडाळी छातीशी धरली. "अरे, निवृत्त झाल्यापासून माझ्या दाराची घंटा फक्त दूधवाला वाजवायचा. यंदा रोज कोणी ना कोणी येतं. बाई, आज उडणार का? बाई, का अडलं? वरच्या मजल्यावरची चार मुलं तर माझ्याकडे बसून कक्षेची गणितं करतात, न सांगता! हे मी परत देऊ? मला पुढच्या वर्षाचं हवंय. आजच हवंय. सहा तारखेला ती चार माणसं निघणार आणि माझ्या भिंतीवर जानेवारी नाही, हे बरं दिसेल का?"

"आम्हाला पण तेच," मागून दादा ओरडले. "आणि ह्या वेळी जरा हलकं छापा!"

मुलगा एकदा रांगेकडे, एकदा बापाकडे बघत राहिला. मग बाहेर जाऊन त्यानं भंगारवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं. भंगारवाला गाडी तिथंच ठेवून रांगेत शेवटी उभा राहिला.

आत येऊन मुलानं बाह्या वर सरकवल्या. "बाबा, जानेवारीचं पान आधी काढू. तुम्ही खिळे जुळवा. ट्रेडल मी मारतो."

"जमेल?"

"नाही जमलं तर शुद्धिपत्र द्या."

मशीन गुरगुरली, खडखडली, आणि पहिला ओला जानेवारी बाहेर आला. बाईंनी तो दोन बोटांत धरून सहा तारखेची चौकट तपासली. रांगेत टाळ्या वाजल्या. टाळ्या ऐकल्या आणि आप्पांच्या जिभेत पुन्हा जीव आला. ते स्टुलावर चढले.

"मंडळी, आता गुपित सांगायला हरकत नाही! ती झडपबिडप काही गळत नव्हती. काल दुपारी मीच तिकडच्या मोठ्या साहेबांना फोन केला. म्हटलं, साहेब, आमची जानेवारीची पानं व्हायची आहेत, सहा दिवस दम धरा. ते म्हणाले, आप्पा, तुमचा शब्द मोडणार कसा?"

रांग मान डोलावत होती. तेवढ्यात मधून तात्यानं हात वर केला.

"आप्पा, काल दुपारी कुठल्या फोनवरून केलात? तुमचा तर परवापासून माझ्या टेबलावर उघडून पडलाय!"